तात्यासाहेब आणि हेरंबची लाल चोपडी

“उत्तरायणाला माझी फिरकी धरशील?”

चार शब्द. फक्त चार! नीराने जिन्यात उभं करून ते माझ्याकडून तीनदा घोकून घेतले, कौमुदीने माझी ओढणी सारखी केली, आणि मग दोघींनी मिळून पाठीत असा काही धक्का दिला की मी सयाजीगंजच्या आमच्या ट्यूशनच्या जिन्यावरून थेट खालच्या सायकलींमध्ये... म्हणजे थेट हेरंबसमोर जाऊन थांबले.

बडोद्याबाहेरच्या माणसाला वाटेल, यात काय एवढं? पण चौदा जानेवारीला आमचं अख्खं गाव गच्चीवर असतं, आणि कोणाचा पतंग कापला यापेक्षा कोणाची फिरकी कोणी धरलीय याच्यावर लोकांचा जास्त डोळा असतो. फिरकी धरणारा मागे उभा राहतो. ‘ढील’ म्हटलं की मांजा सोडायचा, ‘लपेट’ म्हटलं की गुंडाळायचा, आणि दिवसभर पुढच्याच्या पाठीकडे बघत राहायचं! माझी फिरकी मी सहा वर्षांची असल्यापासून बाबा धरतात. उडवते मी. आधी सोसायटीतले हसायचे, आता माझ्याशी पेच लावायला घाबरतात.

तर अशी मी. आणि माझ्या तोंडाला कुलूप!

हेरंबने सायकलची साखळी बसवता बसवता मान वर केली. कानावर पेन्सिल, हाताला काळं ग्रीस, आणि पापण्या... जाऊ दे. अकरावीच्या त्या वर्गात दिवाळीपर्यंत तो एकच वाक्य बोलला होता — “सर, पंखा बंद करू?”

“काय?” तो म्हणाला.

“तुला... तुला व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर माहितीये का?” माझ्या तोंडून निघालं. “हळू कॉम्प्युटरवर चालेल असं?”

मागे जिन्यात कोणीतरी कपाळावर हात मारल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

हेरंबने मात्र प्रश्न फार गंभीरपणे घेतला. हात पुसले. “रॅम किती?”

“एकशेअठ्ठावीस.”

रिपोर्ट बघून डॉक्टर गप्प होतात ना, तसा तो गप्प झाला.

“चालू होतो अजून?”

“दहा मिनिटांत!”

“मग जिवंत आहे,” तो म्हणाला. “बघू.”

आणि हसला. थोडंसंच, डाव्या बाजूने. पण मी पाहिलं!

*

मी काही खोटं बोलले नव्हते हं. प्रश्न ऐनवेळी सुचला असला तरी खरा होता.

झालं असं की, दिवाळीच्या साफसफाईत आमच्या माळ्यावर एक व्हिडिओ कॅसेट सापडली. वर निळ्या शाईत लिहिलेलं — ‘अरविंद–निरुपमा, १२-१२-८७’. आईबाबांचं लग्न! आईने ती हातात घेतली, पदराने पुसली, आणि म्हणाली, “यात बाबांचा आवाज आहे गं.” मग परत ठेवून दिली. व्हीसीआर तर केव्हाच भंगारात गेला होता.

बाबा म्हणजे तिचे बाबा, माझे भास्करराव आजोबा. लेकीच्या लग्नाची मंगलाष्टकं त्यांनी स्वतः रचली होती आणि स्वतःच म्हटली होती. मी पाच वर्षांची असताना ते गेले. मला त्यांचा फोटो माहीत आहे, आवाज नाही. आणि आईने तो आवाज अकरा वर्षांत ऐकलेला नाही. आई कॅसेट ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नुसता नळ वाहत होता... त्याच दिवशी मी ठरवलं. बारा डिसेंबरला लग्नाचा विसावा वाढदिवस. त्या दिवशी आईला आजोबा ऐकवायचे. तीन तासांची रडकी-पडकी कॅसेट नाही, झकास वीस मिनिटांची फिल्म करून! आणि हे सगळं गुपचूप.

हेरंबलाच का विचारलं? कारण राजमहाल रोडला लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा जो स्टुडिओ आहे तो त्याच्या बळवंतकाकांचा, आणि तो ट्यूशननंतर तिथेच असतो, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. (पापण्यांचाही थोडा भाग होता. लपवत नाही.)

रविवारी दुपारी मी आणि कौमुदी कॅसेट घेऊन स्टुडिओत गेलो. बळवंतकाकांनी चष्मा कपाळावर चढवला, कॅसेटचं झाकण उघडून आत टॉर्च मारला.

“बुरशी धरलीय, दीकरा,” ते म्हणाले. “पुसून देतो. एकदा चालेल. दुसऱ्यांदा चालेलच असं मी काही लिहून देणार नाही हं.”

कॅसेट जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ ती चालवायला लागते, घाई करता येत नाही. म्हणून मग आम्ही बसलो. दोन तास पन्नास मिनिटं! एका बाकावर कौमुदी, मध्ये मी, आणि मशीनजवळच्या स्टुलावर हेरंब. मांडीवर लाल कापडाची एक लांबट चोपडी. पेन्सिल कानावरून हातात आली आणि तो लिहायला लागला. डावीकडे वेळ, मध्ये काय दिसतंय ते, उजवीकडे आणखी काहीतरी.

“हे सगळं लिहायचं कशाला?” मी विचारलं.

“काकांची पद्धत. शॉट आधी कागदावर कापायचा, मग मशीनवर. कागद कधी हँग होत नाही.”

पडद्यावर बाबा आले. एवढ्या मोठ्या मिशा! मी किंचाळलेच. मग एक आत्या आदल्या रात्रीच्या पंगतीत आजूबाजूला बघत हळूच सातवी जिलबी उचलताना. मग कोणीतरी भटजींच्या अंगावर अक्षतांचं अख्खं ताट सांडलं. मी आणि कौमुदी हसून हसून एकमेकींवर पडत होतो आणि हेरंब मान खाली घालून लिहीत होता. मग अचानक चित्रच गेलं. नुसता निळा पडदा. कॅमेरेवाला बहुतेक जेवायला गेला असावा. दहा सेकंद... वीस सेकंद... आम्ही तिघं त्या निळ्याकडे बघत बसलेलो.

“हा भाग छान घेतलाय,” हेरंब एकदम गंभीर चेहऱ्याने म्हणाला. “कॅमेरा अजिबात हलला नाही.”

मी इतकी हसले की काका आतून बघायला आले.

आणि मग आजोबा. पांढरी टोपी, हातात कागद. आवाज जरासा घोगरा, पण सुरात... एकदम सुरात. शेवटचं कडवं म्हणताना ते थांबले, गळा साफ केला, परत थांबले. मांडवातले सगळे वाट बघतायत, बाबांच्या हातात हार तसाच वर धरलेला. आणि मग अगदी हळू, लांबवून — “सावधान.”

मी हसत नव्हते तेव्हा. हेरंबने माझ्याकडे न बघता पंखा बंद केला. वर्गातल्या त्याच्या त्या ‘सर, पंखा बंद करू?’चा अर्थ मला तेव्हा कळला. त्याला पंख्याच्या घरघरीशिवाय आवाज नीट ऐकायचे असतात.

*

आता आमच्या कॉम्प्युटरची ओळख करून द्यायलाच हवी.

बाबांच्या मकरपुऱ्याच्या कंपनीने निकालात काढला तेव्हा तो आमच्या घरी आला. बाबा त्याला ‘तात्यासाहेब’ म्हणतात. कारण उठायला वेळ लागतो, उठताना कण्हतात, आणि तुम्ही काही सांगायला लागलात की मध्येच डोळा लागतो. दोन वर्षं मी नवा कॉम्प्युटर मागत होते आणि दोन वर्षं बाबांचं एकच उत्तर — “का? तात्यासाहेब धडधाकट आहेत की!”

आईची शाळा दुपारची. ती साडेसहाला येते, बाबा सातला. त्याआधीच्या वेळात आमचं काम. कौमुदी खालच्याच मजल्यावर राहते, म्हणून तिला पहारेकरी नेमलं होतं. पहारेकऱ्याचा पगार म्हणजे ओला पोंक, आपला हुरडाच, वर शेव आणि लिंबू. ती सोफ्यावर बसून वाडगा संपवायची आणि मग खुशाल झोपायची. अशी मैत्रीण सगळ्यांना मिळो!

पहिल्या दिवशी मी हेरंबसमोर तीन सॉफ्टवेअर ठेवली, मुलगी बघायला आलेल्यांसमोर पोह्यांच्या बशा ठेवतात तशी.

पहिलं नीराच्या भावाने दिलेल्या सीडीवरचं. त्यात म्हणे सिनेमावाले काम करतात. ते आत घालायलाच दीड तास लागला. मग पडद्यावर एक भव्य चित्र आलं. मग तात्यासाहेबांचा पंखा विमानासारखा ओरडायला लागला. मग काहीच नाही. माऊससुद्धा हलेना.

“याला जेवढी रॅम लागते,” हेरंब म्हणाला, “तेवढी तुमच्या अख्ख्या सोसायटीत नसेल.”

दुसरं इंटरनेटवरून रात्रभर उतरवलेलं. ते चालत होतं बऱ्यापैकी! पण फुकटातलं, म्हणून प्रत्येक चित्राच्या बरोब्बर मधोमध ‘ट्रायल’ असा शिक्का मारत होतं. बाबांच्या मिशांवर ट्रायल. आईच्या मुंडावळ्यांवर ट्रायल.

“वीस वर्षं झाली आणि अजून ट्रायलच?” मी म्हटलं आणि हेरंब चक्क मोठ्याने हसला. कौमुदी दचकून उठली, आम्हाला बघितलं, परत झोपली.

तिसरं कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच असलेलं. एवढंसं, साधं. कापा, जोडा, दोन-चार तऱ्हेने चित्र विरघळवा. बस्स.

“हे?” माझं तोंड पडलं. “अरे, यात बदाम नाहीत! बदामातून बाबा येतात, पान उलटतं, आई गोल गोल फिरत जाते... तुझ्या काकांच्या कॅसेटमध्ये असतं तसं काहीच नाही यात!”

“तुला बदाम हवेत की आजोबा?”

मी माऊस त्याच्याकडे सरकवला.

“हे बघ,” त्याने खुर्ची जरा पुढे ओढली. “मोठं सॉफ्टवेअर म्हणजे मोठी गाडी. आपली गल्ली एवढीशी आहे. आपण सायकल काढायची. काका सांगतात, लोकांना बदाम आठवत नाहीत, चेहरा आठवतो.”

“आणि पाच मिनिटं काम केल्यावर तात्यासाहेब झोपले तर?”

“मग उठेपर्यंत बसू,” तो म्हणाला. आणि लगेच कीबोर्डकडे बघायला लागला. कान मात्र लाल!

बसलोच मग. रोज. स्टुडिओत लग्नसराई होती, तिथली डिस्क रोज भरायची आणि रोज रिकामी करावी लागायची. म्हणून त्याने आमच्या कॅसेटचे तुकडे करून, तात्यासाहेबांना झेपतील असे बारीक करून, पेन ड्राइव्हवर चार खेपांत आमच्या घरी आणले. एक तुकडा उघडायला तीन मिनिटं. एक काप मारला की दोन मिनिटं. त्या दोन-दोन मिनिटांत मला काय काय कळलं! त्याला चहा आवडत नाही, सेव-उसळ तिखट लागते तरी तो दुसरा पाव मागतो. त्याला लग्नं पाठ आहेत — कोणत्या विधीला वधूची आई रडते ते तो आधीच सांगू शकतो. आणि उत्तरायणाला तो गच्चीवर जात नाही. स्टुडिओच्या ऑर्डरी असतात.

“एकदाही नाही?” मी ओरडले. “बडोद्यात राहून?”

“मला उडवता येत नाही.”

चार शब्द जिभेवर आले होते. अगदी टोकावर! तेवढ्यात तात्यासाहेब जागे झाले. मेल्यांना तेव्हाच उठायचं होतं!

*

आठ डिसेंबर, शनिवार. फिल्म कापून झाली. आता शेवटचं काम, सगळं जोडून एक अखंड फाइल बनवायची. हेरंब एका लग्नासाठी काकांबरोबर गेला होता. मी म्हटलं, त्याला सरप्राइज देऊ, मीच करते.

तात्यासाहेब म्हणाले, डिस्कवर जागा नाही.

मी विचार केला. फिल्म तर ‘सेव्ह’ केलेली आहे, दिवसातून चाळीस वेळा केलीय. मग हे कॅसेटचे सगळे तुकडे कशाला हवेत? ब्लाउज शिवून झाल्यावर उरलेल्या चिंध्या कोणी जपून ठेवतं का? काढले. सगळे काढले. आणि आईची शिकवण आहे की कचरा घरात साठवायचा नाही, म्हणून कचऱ्याची टोपलीही रिकामी करून टाकली. मग अभिमानाने फिल्म उघडली.

प्रत्येक चौकोनात लाल फुली.

बाबा नाहीत, मिशा नाहीत, जिलबी नाही. आजोबा नाहीत. फुल्या. फुल्याच फुल्या.

मी स्टुडिओत फोन लावला. तो नुकताच परत आला होता. माझ्या रडण्यातून त्याला काही कळेना.

“थांब. क्रमाने सांग. काय काढलंस?”

सांगितलं.

“आणि टोपली?”

“ती पण...”

मग तो हळू म्हणाला, “ती फिल्म नव्हती गं. ती नुसती यादी होती, कोणता तुकडा कुठून कुठे घ्यायचा याची. तू माप जपून ठेवलंस आणि कापड टाकलंस, मालविका.”

तो मला पहिल्यांदा नावाने बोलावत होता. एवढ्या रडण्यातसुद्धा ते माझ्या ध्यानात आलं. शरमच नाही मला!

“आता?” मी विचारलं.

“कॅसेट आहे ना?”

“काका म्हणाले होते, दुसऱ्यांदा चालेलच असं—”

“काका लिहून देत नाहीत, एवढंच म्हणाले होते. उद्या काका करजणला लग्नाला जाणार आहेत, स्टुडिओ माझ्याकडे आहे. दुपारी ये.” मग थोडं थांबून, “कौमुदीलाही आण. पोंक मी आणतो.”

*

रविवारची दुपार. रस्त्यावर थंडीतलं पिवळं ऊन, शटर पूर्ण वर. कौमुदी दाराशीच बाकावर. आत हेरंबने कॅसेट उघडली, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला, आणि पेन्सिल चाकात अडकवून फीत इंच इंच पुढे सरकवत पुसायला लागला. बुरशी पुन्हा धरली होती. पांढरी, पिठासारखी.

“आपल्याला पूर्ण कॅसेट नको,” तो म्हणाला. “चोपडीत प्रत्येक तुकड्याची वेळ आहे. तेवढेच घेऊ. नाव तेच, सुरुवात तीच, शेवट तोच. मग ती यादी आपोआप सगळ्यांना ओळखेल. पण एक सेकंद इकडचा तिकडे झाला ना, तर आजोबांच्या जागी भटजी बोलायला लागतील. तू वेळ वाचून दाखव.”

आणि त्याने लाल चोपडी माझ्या हातात दिली. पहिल्यांदाच.

मी वाचत गेले, तो बटणं दाबत गेला. तुकडा एक. तुकडा दोन. मिशा आल्या. जिलबी आली. कॅसेट कुरकुरत होती, चित्रावर मधूनच पांढऱ्या रेघा धावत होत्या, पण चालत होती. तुकडा सतरा, भास्करराव, मंगलाष्टकं...

कर्रर्र.

चित्र थांबलं. आजोबांचं तोंड अर्धं उघडं. मशीनने फीत गिळली होती.

मी हेरंबचा शर्ट कधी मुठीत धरला मला माहीत नाही. त्याने माझी मूठ सोडवली नाही. एका हाताने झाकण काढलं, चिमट्याने फीत अलगद वर उचलली. चुरगळली होती, तुटली नव्हती. त्याने ती बोटावर धरून फुंकर घातली, नखाने सरळ केली, परत बसवली. सगळं कसं हळू... सावकाश.

“लावू?” त्याने विचारलं.

“पंखा बंद कर आधी,” मी म्हटलं.

त्याने पंखा बंद केला. बटण दाबलं. घोगरा, सुरातला आवाज. कडवं. मग ती शांतता, गळा साफ करणं, परत शांतता...

“सावधान.”

“आला!” मी अशी ओरडले की समोरचा पानवाला वाकून बघायला लागला. कौमुदी टाळ्या वाजवत होती. हेरंबने बाहीने कपाळ पुसलं. मला वाटायचं, हा घाबरतच नाही.

पुढचे तुकडे सोपे होते. मी चोपडी वाचत होते आणि आता कुठे माझं लक्ष उजवीकडच्या रकान्याकडे गेलं. बारीक अक्षरात. मिशांसमोर — ‘हसली.’ जिलबीसमोर — ‘हसली, खूप.’ अक्षतांचं ताट — ‘हसली.’ मंगलाष्टकं — ‘गप्प. पंखा.’

“हे काय आहे?”

त्याने मान वळवून पाहिलं आणि एकदम मशीनच्या मागच्या वायरी तपासायला गेला.

“ते... काकांचा नियम आहे. बघणारा जिथे हसतो तो शॉट कापायचा नाही. म्हणून लिहून ठेवायचं.”

“कौमुदी पण हसत होती की.”

“...हो.”

“तिचं कुठे लिहिलंयस?”

वायरींमधली खुडबुड वाढली.

मी एक पान मागे उलटलं. “आणि इथे? एक तास बावीस मिनिटं. निळा पडदा. इथे तर काहीच नाही कॅसेटमध्ये!” आणि पुढे वाचलं. उजवीकडे लिहिलं होतं — ‘हसली. हा ठेवायचा.’

वायरींमागून तो हळूच उभा राहिला. केसाला जाळं लागलेलं. माझ्याकडे सरळ बघत म्हणाला, “तिथे पण तू हसली होतीस.”

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मग आणखी एक. ते चार शब्द? ते कुठे घोकायचे होते मला! आपोआप आले, पतंग वर जातो तसे.

“उत्तरायणाला माझी फिरकी धरशील?”

“मला ढील देता येत नाही,” तो म्हणाला.

“मी शिकवीन.”

“ऑर्डर असेल तर?”

“नाही घ्यायची.”

“बरं,” तो म्हणाला. आणि हसला. दोन्ही बाजूंनी!

“अरे हाश!” बाकावरून कौमुदी ओरडली. “एक महिना लागला! तुमच्यापेक्षा तात्यासाहेब लवकर उठतात!”

*

बारा डिसेंबर, संध्याकाळी साडेसात. बासुंदी झाली होती. मी हेरंबने स्टुडिओत जोडून दिलेली डीव्हीडी लावली आणि आईच्या शेजारी बसले.

बाबा स्वतःच्या मिशा बघून ओशाळले. आई आत्याच्या जिलबीला हसली. मग आजोबा आले आणि आईने हातातला चमचा वाटीत ठेवला. तिने डोळे मिटून घेतले, नुसतं ऐकलं. त्या शेवटच्या शांततेत तिचे ओठ हलले, आणि आजोबांबरोबर, त्यांच्याइतकंच लांबवून ती पुटपुटली — “सावधान.”

फिल्म संपली. आई माझा हात धरून बसली. मग म्हणाली, “मालू, परत लाव.”

तीनदा पाहिली. तिसऱ्यांदा बाबांनी विचारलं, “हे मध्येच दोन सेकंद निळं काय येतंय? चूक राहिली का?”

“चूक नाही, बाबा. तो ठेवायचाच होता.”

आईने डोळे पुसता पुसता माझ्याकडे पाहिलं. फार बारीक नजर आहे तिची. “आणि शेवटी आभारात ‘हेरंब’ म्हणून कोण?”

“ट्यूशनमधला. त्यानेच सगळं वाचवलं. बळवंतकाकांचा पुतण्या.”

“अच्छा,” आई म्हणाली. एकच शब्द, पण दीड मिनिट लांब.

बाबा मात्र खुशीत होते. उठून तात्यासाहेबांच्या डोक्यावर थोपटलं आणि छाती फुगवून म्हणाले, “या डबड्यावर एवढं केलंस तू! बस, ठरलं. नव्या वर्षात नवा कॉम्प्युटर. कोणता हवा ते तू सांगायचं.”

दोन वर्षं ज्याच्यासाठी रडले ते समोर होतं. मी तात्यासाहेबांकडे पाहिलं. पंखा घरघरत होता, डोळा लागतच होता बिचाऱ्यांचा. एक काप, दोन मिनिटं. एक तुकडा, तीन मिनिटं.

मी उभी राहिले. ओढणी सारखी केली.

“आई, बाबा, माझं ठरलंय. नवा कॉम्प्युटर नको. तात्यासाहेब इथेच राहतील.” मग एक श्वास घेतला. “आणि बाबा, या उत्तरायणाला तुम्ही आईची फिरकी धरा. माझी हेरंब धरणार आहे.”